७९ डॉलरची मोसिन आणि माझी ग्रीन कार्डाची रांग

उशिरा_पोचलेला

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे. अमेरिकेत राहणारे आणि जुन्या लष्करी रायफलींचा नाद असलेले कुणी आहेत का इथे? ज्यांना बंदूक या शब्दाचीच चीड आहे त्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं, भांडायला हा धागा काढलेला नाही.

मी २००६ मध्ये ओहायोत आलो, एच-वन वर. ऑफिसात एक सहकारी होता, साठीकडे झुकलेला, व्हिएतनामला जाऊन आलेला. दर शनिवारी सकाळी तो एका गन शॉपमध्ये जायचा आणि माझ्याकडे तेव्हा गाडी नव्हती, करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मलाही सोबत न्यायचा. दुकान म्हणजे काय, बाहेरून पंक्चरवाल्याचं वाटावं असं. आत शिरलं की आधी वास यायचा, बंदुकीची नळी आतून साफ करायच्या हॉप्पीज नंबर नाइनचा, ज्याला पिकलेल्या केळ्यासारखी झाक असते, त्यात शिळी कॉफी आणि ओल्या कुत्र्याचा वास मिसळलेला. कुत्रा खराच होता, काउंटरखाली झोपलेला असायचा. तीन-चार म्हातारे स्टुलांवर बसून काहीही विकत न घेता दुपार करायचे, मालकही त्यांना काही म्हणायचा नाही.

आणि दाराशी एक लाकडी पिंप. त्यात छत्र्या ठेवाव्यात तशा रायफली उभ्या! रशियन सैन्याच्या मोसिन-नागांत, एम ९१/३०. प्रत्येकीच्या ट्रिगर गार्डला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर पेनने ७९. सोबत संगीन, कॅनव्हासचा पट्टा आणि तेलाची दोन तोंडांची पत्र्याची डबी फुकट. मी एक उचलली तर हात कोपरापर्यंत काकवीसारख्या ग्रीसने भरला. रशियातल्या इझेव्स्क कारखान्याची, १९४२ ची. लेथच्या रेघा अंगावर तशाच, पॉलिश करायला कुणाला वेळच नव्हता त्या साली, जर्मन दाराशी आलेले. ते बघून मी जो गार झालो तो अजून गारच आहे.

पण घेता आली नाही. मालकाने फॉर्म पुढे केला, त्यात इमिग्रेशनचा प्रश्न, नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक चालत नाही म्हणाला. ठीक आहे म्हटलं, ग्रीन कार्ड आलं की घेऊ, पिंप कुठे पळून जातंय. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या नंबराची तारीख, २०१० ची, कार्ड हातात आलं २०२१ च्या शेवटाला. मालक मधल्या काळात वारला, दुकानाच्या जागी आता व्हेपची नळकांडी विकतात, आणि परवा गन शोमध्ये तशीच मोसिन, स्टॉकला चीर गेलेली, संगीन नाही, पट्टा नाही, ४२५ डॉलर!

तर प्रश्न दोन. एक, तुमच्यापैकी त्या काळात कुणी घेतली का, असेल तर सांगा, जळू द्या मला. दोन, आता परवडेल असं काही उरलंय का या मिलसर्प (सैन्यांनी विकून टाकलेल्या जुन्या बंदुका) प्रकारात की माझी गाडी चुकली ती चुकलीच?

टेक्सासचा तात्या

अहो साहेब, तुम्हाला वाईट वाटेल पण सांगतो. एच-वन वर घेता येत होती. कायद्यात सूट आहे, नॉन-इमिग्रंटकडे कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असलं तर चालतं. मी २००७ मध्ये ह्यूस्टनला वॉलमार्टच्या काउंटरवर हंटिंग लायसन्स काढलं, मासे पकडायच्या गळांच्या शेजारी, दहा मिनिटांचं काम. आजतागायत हरणावर नेम धरलेला नाही. (आता कुणी करणार असेल तर वकिलाला विचारूनच करा, राज्याचे नियम वेगळे, आणि व्हिसाच्या भानगडीत मी सल्ला देत नाही.)

मी मोसिन ८९ डॉलरला घेतली, तुमच्यापेक्षा दहा डॉलर महाग. त्या ग्रीसला कॉस्मोलिन म्हणतात. माझ्या रूममेटने हेअर ड्रायर दिला त्याने दोन तास तापवलं तरी लाकडातून पाझरतच होतं, शेवटी काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून ऑगस्टमध्ये गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवली, संध्याकाळपर्यंत पिशवीत वाटीभर रस.

आणि मग केलेली चूक सांगतो म्हणजे तुमची जळजळ जरा कमी होईल. काडतुसं तेव्हा सीलबंद पत्र्याच्या डब्यात मिळायची, एका डब्यात ४४०, सार्डिनचा डबा उघडायच्या चावीची मोठी बहीण असते तसल्या ओपनरने कापायचा. जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं, ते उडालं की नळीत क्षार मागे राहतो, मिठासारखाच, आणि मीठ जसं पावसाळ्यात पाणी धरतं तसा तो हवेतला दमटपणा ओढतो. मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मी शहाणा, रेंजवरून आलो, तेलाचं फडकं फिरवलं आणि कपाटात ठेवली. ह्यूस्टनची हवा! दोन आठवड्यांनी नळीतून उजेडाकडे बघितलं तर आत नारिंगी मखमल. तेलात क्षार विरघळत नाही हो, पाण्यात विरघळतो. आधी गरम पाणी ओतायचं, सुकवायचं, मग तेल. बंदुकीत पाणी ओतायचं हे आपल्या मनाला पटत नाही पण तेच बरोबर आहे. माझ्या नळीत अजून खड्डे आहेत, १०० यार्डांवर कोठाराचं दार सुद्धा चुकतं.

उशिरा_पोचलेला

काय सांगता तात्या!!! हंटिंग लायसन्स?? माझ्या घरासमोरच्या वॉलमार्टमध्ये मी पंधरा वर्षं दूध आणतोय. बायकोला वाचून दाखवलं, ती हसून हसून सोफ्यावरून पडायची बाकी होती.

साधाभोळा

नाही म्हणजे धागा वगळून पुढे जा म्हणालात तरी राहवलं नाही. माणसं मारायला बनवलेल्या वस्तूंची एवढी हळहळ कशाला? स्वस्त होत्या तेव्हा काय झालं तेही आठवा. केनेडींना मारणाऱ्याने टपालाने मागवलेली रायफल होती ना?

पोटोमॅककाठी

@साधाभोळा, मुद्दा रास्त आहे आणि या विषयात तो टाळताच येत नाही. केनेडींचा मारेकरी ओस्वाल्ड, त्याने मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्सकडून खोट्या नावाने इटालियन कार्कानो मागवली, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलर, टपालखर्च वेगळा. मासिकातलं कूपन कापून मनीऑर्डरसोबत पाठवायचं, संपलं. ना ओळखपत्र ना फॉर्म.

पण यातली एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. याच केनेडींनी १९५८ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर असताना, परदेशी लष्करी सरप्लसची (सैन्याला नको झालेल्या शस्त्रांची) आयात थांबवायचं विधेयक मांडलं होतं. कारण सुरक्षा वगैरे नव्हतं, त्यांच्या राज्यातले रायफल कारखाने रडत होते की युरोपातून दहा-पंधरा डॉलरला माउझर येतायत, आमची शंभराची कोण घेणार. ते विधेयक पास झालं नाही. पुढे हा विषय सिनेटर थॉमस डॉड यांनी लावून धरला, ते कनेक्टिकटचे, म्हणजे कोल्ट आणि विंचेस्टरच्या राज्याचे. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी दोघेही मारले गेले आणि ऑक्टोबरात गन कंट्रोल ॲक्ट आला, टपालाने विक्रीही बंद आणि सरप्लसची आयातही बंद. तेव्हा त्या कायद्यामागे दुःखही होतं आणि धंदाही होता, दोन्ही एकाच कागदावर.

मी अलेक्झांड्रिया, व्हर्जिनियात राहतो. इथे नदीकाठी आज जिथे लोक आइस्क्रीम खात फिरतात तिथे इंटरआर्म्सची गोदामं होती. सॅम्युएल कमिंग्ज नावाचा माणूस, आधी सीआयएत, १९५३ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि जगभरची सैन्यं आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिककडे वळत असताना त्यांच्या जुन्या, दर गोळीला हाताने खटका ओढायच्या बोल्ट-ॲक्शन रायफली घाऊक भावात उचलल्या. म्हणजे बघा, स्वस्ताई ही कुणाची मेहेरबानी नव्हती. कुठल्यातरी देशाचं शस्त्रागार रिकामं व्हायचं असायचं आणि तिथल्या अधिकाऱ्याला हे लाकूड-लोखंड ठेवायचा वैताग आलेला असायचा. १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जुन्या, संग्रहयोग्य सरप्लसची आयात परत सुरू झाली, मग सोव्हिएत युनियन कोसळलं, आणि तुमचं ते ७९ डॉलरचं पिंप भरलं. ते पिंप म्हणजे एका साम्राज्याचं भंगार होतं. साम्राज्यं काही दर दहा वर्षांनी कोसळत नाहीत.

आमच्या क्लबात एक ऐंशीच्या पुढचे आजोबा आहेत. त्यांना मी मोसिन ७९ ला मिळायची म्हणून हळहळलो तर ते माझ्यावरच उखडले, म्हणाले ७९ ही लूट होती, मी शाळेत असताना पेपर टाकून जमवलेल्या पैशात ब्रिटिश एनफील्ड रायफल घेतली. आणि त्या एनफील्डचं त्यांनी काय केलं? पुढचं लाकूड करवतीने कापलं, नळी आखूड केली, शिकारीची रायफल केली. त्या काळी सगळेच करायचे. आता तीच अखंड असती तर... हे वाक्य ते कधीच पूर्ण करत नाहीत.

साधाभोळा

केनेडींचं माहीत नव्हतं. माझं मत बदललेलं नाही पण वाचतोय.

बे_एरियाकर

कॅलिफोर्नियात बिग फाइव्ह नावाची खेळाच्या सामानाची दुकानं, रविवारच्या पेपरात त्यांचं पत्रक यायचं, एका पानावर मुलांचे बूट, योगा मॅट आणि त्याच पानाच्या कोपऱ्यात मोसिन किंवा तुर्की माउझर! मी बॅडमिंटनची शटल आणायला गेलो होतो हे आज कुणाला सांगून खरं वाटत नाही.

माझी मात्र मोसिन नाही, स्विस के ३१ आहे. २००५ च्या सुमारास दीडशेच्या आत मिळाली, आता त्याच्या चौपट-पाचपट द्यावे लागतात. स्विस लोकांची चीज असल्याने आतून नळी आरशासारखी पण बाहेरून दस्त्याचं खालचं टोक कुरतडल्यासारखं, काळं पडलेलं. आधी वाटलं उंदीर. मग ऐकलं की शिपाई बर्फात दस्ता टेकवून उभे राहायचे, बुटांवरचा बर्फ झाडायला लाथा हाणायचे, त्याचे डाग.

एकदा कुठेतरी वाचलं की बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या टोकाची पट्टी, उघडून बघा. दोन स्क्रू. रात्री सगळे झोपल्यावर डायनिंग टेबलावर उघडली, आत लाकडाच्या खाचेत घडी घातलेला छोटा कागद, पिवळा. त्यावर टाइप केलेलं शिपायाचं नाव, जन्मसाल, पलटण आणि गाव. तिथे रायफल शिपायाच्या घरीच असायची म्हणून हा पत्ता. मी नकाशावर गाव शोधलं, डोंगरातलं, शेवटपर्यंत झूम केलं तर एक चर्च आणि गोठ्यासारखी काही घरं. कागद परत होता तसा घडी घालून आत ठेवला आणि स्क्रू घट्ट केले. नाव इथे लिहीत नाही, कुणाच्यातरी आजोबांचं आहे ते.

काडतुसांचं मात्र आता रडगाणं आहे. आमच्याकडे जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीला पार्श्वभूमी तपासणी, ऑनलाइन मागवली तरी दुकानातूनच उचलायची. आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या नवीन आयातीवर निर्बंध, रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाच्या प्रकरणावरून. चिनी तर १९९४ पासूनच बंद, क्लिंटनने चिनी बंदुका-काडतुसं बंद केली तेव्हा आमचे थोरले बंधू नव्वद डॉलरची चिनी एसकेएस रायफल उद्या घेऊ म्हणून घरी आले होते. ते उद्या अजून उजाडलेलं नाही.

जर्सीवाली

मी बंदूक चालवत नाही, मला आवाजाचीच भीती वाटते, पण जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडायची सवय आहे म्हणून एक गंमत सांगते.

पेनसिल्व्हेनियात रस्त्याकडेला एक जुनं दुकान आहे, अर्ध्या भागात अँटिक फर्निचर आणि अर्ध्या भागात जुन्या बंदुका. नवरा सोफा बघत होता, मी काउंटरवर. म्हाताऱ्या मालकाने माझ्याकडे बघून विचारलं, इंडियन का? मग आतून एक लांबलचक रायफल आणली, जुन्या ब्रिटिश मार्टिनी रायफलीसारखी, खाली तरफ असलेली, आणि भिंग हातात देऊन म्हणाला हे काय लिहिलंय सांगशील का, कुणाला वाचता येत नाही. बघते तर लोखंडावर देवनागरी! इतकी वर्षं अमेरिकेत राहून बंदुकीवर देवनागरी वाचेन असं स्वप्नातही नव्हतं. ठोकून ठोकून उमटवलेले आकडे, ८ आपल्यासारखा नाही, ५ वर तर मी दोन मिनिटं अडले, मग मागच्या ४ आणि ६ वरून ओळखला.

ती नेपाळची निघाली. गहेंद्र म्हणतात त्यांना, गहेंद्र शमशेर राणा यांच्या रचनेची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातलं अख्खं शस्त्रागार २००३ मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून विकत घेतलं, त्यातली एक आमच्या न्यू जर्सीचीच. हजारो बंदुका, धुळीत आणि तुपासारख्या वंगणात शंभर वर्षं पडलेल्या. १८९८ पर्यंतची म्हणजे केंद्रीय कायद्याने ती अँटिक, पण हाताने ठोकून बनवलेली, दोन नगांचे भाग एकमेकांना बसत नाहीत, तेव्हा त्यातून बार उडवायचा विचारही करायचा नाही असं मालक स्वतःच म्हणाला.

मग त्याने एकेक करून नऊ रायफली काढल्या. मी आकडे वाचत गेले, तो वहीत इंग्रजीत लिहीत गेला. दीड तास. सोफा राहिला बाजूला. निघताना त्याने मला एक पितळी बकल दिलं, पैसे घेतले नाहीत.

टेक्सासचा तात्या

@जर्सीवाली ताई, क्या बात है. यापुढे त्या मालकाकडे जाताना बाराखडीचा तक्ता घेऊन जा, म्हातारा पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतःच वाचून दाखवेल.

एरीकाठचा

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, सगळे आपापल्या रायफली कुरवाळत बसलेत. मी देतो.

स्वस्त आता काहीच नाही, तो शब्द विसरा. पण दोन गोष्टी करता येतील. पहिली, सी अँड आर (क्युरिओ अँड रेलिक, म्हणजे जुन्या संग्राह्य बंदुकांचं) लायसन्स काढा, टाइप झीरो थ्री. तीन वर्षांचे ३० डॉलर. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्थितीतल्या बंदुका दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येतात, फक्त वहीत नोंद ठेवायची. पण ऑनलाइन लिलावाच्या नादी लागू नका, तिथे दोन माणसं ईर्ष्येला पेटली की भाव गगनाला. कुणा म्हाताऱ्याचं घर आवरताना जो माल निघतो तो गावातल्या छोट्या दुकानात येतो. मी शनिवारी अशाच एका दुकानात मदत करतो. बायका येतात, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, हे यांचं होतं, मला काय आहे ते माहीत नाही, पण घरात नको. त्यांना योग्य भाव देणारा दुकानदार शोधा, त्याच्याकडे माल येत राहतो. आणि जे घ्याल त्याची हेडस्पेस (काडतूस आत नीट बसतं की नाही ते) गनस्मिथकडून तपासल्याशिवाय उडवू नका, भागांवरचे नंबर जुळत नसतील तर मुळीच नको.

दुसरी, तुम्ही ओहायोत आहात म्हणजे नशीबवान आहात. सीएमपी, म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, ही नागरिकांना नेमबाजी शिकवणारी संस्था, तिची दोनच दुकानं, एक ॲलाबामात ॲनिस्टनला आणि दुसरं आपल्याकडे कॅम्प पेरीला, पोर्ट क्लिंटनजवळ. अमेरिकन सैन्याच्या एम वन गारंड तिथे सरळ विकायला. २०१० च्या आसपास सर्व्हिस ग्रेड (त्यांच्या प्रतवारीतली एक) सहाशेच्या घरात होती, आता हजाराच्या वर, पण बाजारापेक्षा बरीच आणि खात्रीची. आठ गोळ्यांची क्लिप, शेवटची उडाली की टिंग करून बाहेर. क्लिप भरताना अंगठा मात्र वेळेत काढा, माझं नख दोनदा गेलंय.

अटी: संलग्न क्लबचं सभासदत्व, नेमबाजी केल्याचा पुरावा, आणि अमेरिकन नागरिकत्व.

उशिरा_पोचलेला

शेवटची अट परत वाचली. नागरिकत्व. ग्रीन कार्ड चालत नाही?

एरीकाठचा

नाही चालत. पासपोर्ट किंवा जन्मदाखला किंवा नॅचरलायझेशनचं सर्टिफिकेट.

उशिरा_पोचलेला

कार्ड २०२१ चं, अधिक पाच, म्हणजे २०२६ चा शेवट, मग अर्ज, मुलाखत, शपथ. तोवर गारंडचं पण पिंप रिकामं. बायको म्हणते तुझी प्रायॉरिटी डेट प्रत्येक ठिकाणी लागू होते.

तरी शनिवारी कॅम्प पेरीला जाऊन आलो, नुसतं बघायला. रॅकवर ओळीने उभ्या, कुठलीच दुसरीसारखी नाही, एकीचा दस्ता काळपट, एकीचा अगदी लालसर. एक हातात घेतली, नऊ-साडेनऊ पौंड, खांद्याला लावून खाली ठेवली. शेजारी एक आजोबा प्रत्येकीच्या नळीत बोअर लाइट (छोटा दिवा) घालून वाकून बघत होते, आंबे निवडावेत तसे.

येताना रस्त्यात एक पॉन शॉप दिसलं म्हणून थांबलो. भिंतीवर कोपऱ्यात एक एनफील्ड, मॅगझिन मात्र खालून चौकोनी, नेहमीसारखं नाही. जवळ गेलो तर अंगावर आर. एफ. आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि वर अशोकाचे सिंह. इशापूर टू-ए-वन! १९६२ च्या युद्धानंतर आपल्याकडे ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवली ती, मागच्या साईटवर ८०० पर्यंतचे आकडे, पुढच्या लाकडात तो आडवा स्क्रू जो फक्त भारतीय रायफलींना असतो, आणि वर काळा रंग फासलेला, आपल्याकडच्या सरकारी कपाटांना देतात तसा. दुकानदाराला ती कुठली हे माहीत नव्हतं, ब्रिटिश म्हणाला. मी दुरुस्ती केली. भाव ४५० चा ४०० झाला, फॉर्म भरला, इमिग्रेशनच्या प्रश्नाला या वेळी ग्रीन कार्डावरचा ए-नंबर लिहिला, वीस मिनिटांत फोन आला, प्रोसीड.

बायकोचं म्हणणं, भारतातून निघालास, सतरा-अठरा वर्षं रांगेत उभा राहिलास आणि शेवटी घेतलीस काय तर इशापूरची.

फोटो रविवारी टाकतो. तात्या, दस्त्याच्या लाकडातून ग्रीस अजून येतंय आणि इथे ऑगस्टला वेळ आहे, तुमची काळी पिशवी चालणार नाही. गरम पाण्याने लाकूड फुगेल का? बाथटब वापरायची परवानगी मिळालेली नाही.